सूज गुडघ्याला, घाव बेंबीला

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरहून आंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. आषाढात इथं चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन रोपलागणीत आमची एचएफ गाय रात्री अकराला व्याली. कालवड झाली. पावसातसुद्धा घरात सणासारखं वाटलं, कारण कालवड म्हणजे तीनेक वर्षांत दाराशी आणखी एक दुभती गाय. ती वीस दिवस जगली. त्या वीस दिवसांत आमच्या हातून जे झालं ते लिहिते आहे, कारण त्यातली एकेक चूक आजही गावोगावच्या गोठ्यात होते आहे.

आमच्यात जुनी समजूत अशी की जार पडल्याशिवाय धार काढायची नाही आणि वासराला पाजायचंही नाही. जार पडायला सकाळचे नऊ वाजले. दहा तास वासरू कोरडं. मग काढलेल्या चिकातला तांब्याभर तिला पाजला आणि बाकीचा खरवसाला ठेवला. शेजारी चार घरांत वाटला. तो खरवस आजही मला आठवतो.

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. गाई-म्हशीत ती वाट नसते. वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी लढण्यासाठी त्याच्याकडे जवळजवळ काहीच नसतं. जे मिळायचं ते चिकातूनच. त्यातही वासराचं आतडं ही द्रव्यं पहिल्या काही तासांतच नीट रक्तात ओढून घेतं, चोवीस तासांनी ते दार मिटतं. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी तीन लिटर चीक लागतो आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. जार पडायची वाट बघायचं काही कारण नाही. उलट वासरू सड ओढायला लागलं की गाईची पिशवी आकसते आणि जार सुटायला मदतच होते.

दुसरी चूक नाळेची. नाळ आपोआप तुटली होती, ओली लोंबत होती. सासूबाईंनी मायेनं हळद आणि चुलीतली राख लावली, आणि वासरू तसंच शेणामुताच्या ओलीवर बसलं. पावसाळ्यात आमच्या गोठ्याची जमीन वाळतच नाही. ताजी नाळ म्हणजे थेट पोटात जाणारी उघडी नळी. तिच्यातून जंतू यकृतापर्यंत आणि रक्तात जातात, आणि रक्तातून जाऊन सांध्यात बसतात.

सहाव्या दिवशी कालवड पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागली. सगळे म्हणाले, रात्री गाईचा पाय पडला असेल, लचक भरली. आम्ही तेल गरम करून गुडघा चोळला. नवव्या दिवशी गावात सुया टोचणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं तीन दिवस इंजेक्शनं दिली, सूज उतरल्यासारखी वाटली आणि आम्ही थांबलो. तेराव्या दिवशी दोन्ही गुडघे आणि मागचा एक सांधा चेंडूसारखा झाला. कुणीतरी डाग द्यायला सांगितलं. तोही दिला. मुकं जनावर, ओरडायचंही त्राण नव्हतं.

चौदाव्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी गुडघ्याकडे आधी बघितलंच नाही. कालवडीला हळूच आडवी केली आणि बेंबी चाचपली. बाहेरून खपली धरलेली, पण आत अंगठ्याएवढी जाड गाठ. दाबल्यावर पू आला. ताप १०५. ते म्हणाले, "वहिनी, सूज गुडघ्याला दिसते, पण दुखणं इथून आत गेलंय." सांध्यात सुई घातली तर फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या, त्या सुईतून पुढे सरकेनात. वासराच्या सांध्यातला पू असाच घट्ट होतो. नुसतं औषध टोचून तो निघत नाही, आणि तोवर हाडावरची गुळगुळीत कूर्चा खाल्ली जाते. उपचार केले. सहा दिवसांनी ती गेली.

तेव्हापासून लहान वासरू लंगडलं की मी लचक हा शब्द तोंडातून काढू देत नाही. लचकेला ताप नसतो, वासरू दूध सोडत नाही. सांध्यात जंतू असले की सांधा गरम लागतो, वासरू पाय टेकवत नाही, पडून राहतं, ओढायचं कमी करतं. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या पायाच्या सांध्याला लावायची, मग दुखऱ्या. फरक लगेच कळतो. थर्मामीटर गोठ्यात हवाच. वासराचा ताप १०३ च्या वर सरकला की डॉक्टर. आणि पाय बघायच्या आधी बेंबी बघायची: ओली आहे का, वास येतो का, आत दोरीसारखं जाड लागतं का.

गेल्या वर्षी शेजारच्या म्हशीचं रेडकू आठव्या दिवशी लंगडलं तेव्हा मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन करायला लावला. सांध्यातलं पाणी काढून तपासायला घेतलं, सलाईननं सांधा आतून धुतला, दोन दिवसांनी पुन्हा धुतला. प्रतिजैविक तीन आठवडे चाललं. उपचाराच्या दहाव्या दिवशी रेडकू उड्या मारायला लागलं तेव्हा घरचे म्हणाले, आता कशाला खर्च? आमचे मालक स्वतः जाऊन त्यांना बसवून सांगून आले. सूज उतरली म्हणजे जंतू मेले असं नसतं. अर्धवट सोडलं की दुखणं उलटतं आणि मग तेच औषध लागू पडत नाही. रेडकू आज जरासं पाय ओढतं, पण चरतं.

दुखणं कमी करायला डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. कुणी डायक्लोफिनॅक टोचायला निघालं तर हात धरा. गिधाडं त्यानं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. सूज उतरवणारी स्टेरॉइडची सुई आपल्या मनानं घेऊ नका, ती अंगातली लढायची ताकदच दाबते. वासरू महिन्याच्या पुढचं असेल, सांध्याबरोबर खोकला असेल, कान पडला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूनं असं होतं आणि पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही. हा जंतू दुधातूनही जातो, म्हणून दगडी (कासेचा दाह) झालेल्या गाईचं दूध वासराला पाजायची सवय असेल तर तीही मोडा.

आता आमच्याकडे गाय व्यायच्या आठवडाभर आधी एक कोपरा कोरडा करून भाताचं पिंजर अंथरतो. हात साबणानं धुतल्याशिवाय वासराला हात नाही. रोपलागणीचा चिखल नखांत असतो. नाळ लांब असेल तर उकळलेल्या दोऱ्यानं दोन बोटांवर बांधून खाली स्वच्छ ब्लेडनं कापतो. छोट्या वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन नाळ त्यात पूर्ण बुडवतो, नुसता बोळा फिरवत नाही. नाळ वाळेपर्यंत दिवसातून दोन वेळा. उरलेलं आयोडीन टाकून देतो. सासूबाई आता स्वतः वाटी धरतात.

तुमच्या गोठ्यात या आठवड्यात वासरू झालं असेल तर आजच त्याची बेंबी चाचपून बघा. लंगडत असेल तर उद्यावर ढकलू नका. दूध संघाच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा नंबर १९६२.