डिपस्टिकवर वाढलेलं ऑइल

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची चार मुलं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या शेडवर आली. कोइमतूरला होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी ती गाडी बांधताहेत. टेम्पोतून इंजिन उतरवून झालं, हात पुसून झाले आणि त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "काका, सगळ्यात भारी ऑइल कुठलं?" तरुणपणी हाच प्रश्न मीही विचारला होता आणि मिळालेल्या उत्तरावर विसंबून एक इंजिन घालवलं होतं. त्या मुलांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

२००८ सालची गोष्ट. एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन आम्ही रेससाठी तयार केलं होतं. काम मनापासून केलं होतं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅम बदलला, क्रँक ग्राइंड करून नवे शेल बसवले. बेअरिंगची फट किती ठेवायची याचा लेथवाल्यांचा जुना हिशेब असा की जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमचं जर्नल दीड इंचाच्या थोडं वर, म्हणजे दीड-पावणेदोन थाऊ पुरले असते. पण इंजिन सात हजारांवर फिरवायचं होतं, म्हणून आम्ही मुद्दाम अडीच ठेवले. तो निर्णय चुकीचा नव्हता. चूक पुढे झाली.

ओळखीच्या एकानं सांगितलं, "पातळ ऑइल घाल, दोन घोडे फुकट मिळतात. बाहेरचे सगळे मोठे संघ तेच करतात." यात तथ्य आहे. पातळ ऑइल ढकलायला पंपाला आणि क्रँकला कमी ताकद लागते. पण त्या मोठ्या संघांच्या इंजिनांमधल्या फटी मुळातच त्या ऑइलसाठी घट्ट बांधलेल्या असतात, आणि ठरलेले तास भरले की इंजिन उघडलं जातं. आम्ही मात्र अडीच थाऊच्या फटीत ५डब्ल्यू-३० ओतलं. ऑइल फुल सिंथेटिक, महागातलं, कॅनवर चेकर्ड झेंड्याचं चित्र. ऑइलात काहीच दोष नव्हता. ते त्या इंजिनाचं नव्हतं, एवढंच.

हजारेक किलोमीटर टेम्पो हाकत आम्ही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर पोचलो. शुक्रवारी सराव. गरम इंजिनाला सात हजारांवर चार किलो प्रेशर दिसत होतं. शनिवारी ते तीनवर आलं. मी मनाशी म्हटलं, उकाडा आहे, येणारच खाली. त्याच संध्याकाळी डिपस्टिक काढली, तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्याही किंचित वर. मी खूश झालो. दोन दिवस पिदडलं तरी इंजिन थेंबभर ऑइल खात नाही, म्हणजे रिंगा उत्तम बसल्या! सोबतच्या पोरांना ती डिपस्टिक मी कौतुकानं दाखवली होती.

रविवारी पाचव्या लॅपला गाडी आत आली. ड्रायव्हर म्हणाला, खालून ठक-ठक येतंय. मी हूडवर हात ठेवून ऐकलं आणि लगेच इंजिन बंद करायला सांगितलं.

कोल्हापूरला आणून चेंबर खोललं. तिसऱ्या रॉडचा शेल फिरला होता आणि जर्नल जळून निळं पडलं होतं. बाकीचे तीन शेल टेबलावर ओळीनं मांडले. नव्या शेलवर राखाडी, मऊ थर असतो. इथं तो मधोमध घासून गेला होता आणि खालचं तांबं दिसत होतं. म्हणजे तिसरा रॉड आधी गेला इतकंच, बाकीचेही त्याच वाटेवर होते. क्रँक ग्राइंडिंगचं आमचं काम करणारे अण्णा तिथंच उभे होते. त्यांनी काढलेल्या ऑइलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि मला विचारलं, "डिपस्टिक वर गेली हुती म्हणालास न्हवं? ऑइल काय इंजनात पिकतंय व्हय रं?"

ऑइलाला पेट्रोलचा वास येत होता.

घडलं ते असं. इंजिनात नॉकिंग होऊ नये म्हणून आम्ही मिक्श्चर मुद्दाम रिच ठेवलं होतं. वर गाडी पुढं-मागं सरकवायला दर वेळी थंड इंजिन चालू करायचं आणि लगेच बंद करायचं. न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरत राहिलं. पातळी वाढली ती त्यानं. आता आकडे बघा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकमध्ये बसतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ मध्ये. आम्ही मुळातच खालच्या पायरीवर होतो आणि पेट्रोल मिसळून आणखी एक पायरी उतरलो. फट मोठी, ऑइल पातळ. क्रँक ऑइलाच्या थरावर तरंगायचा, तो शेलवर टेकला. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो, हा रेसिंगवाल्यांचा ढोबळ हिशेब मला तेव्हाही ठाऊक होता. सात हजारांना जवळजवळ पाच किलो हवे. आम्ही पहिल्याच दिवशी चारवर होतो. काटा सांगत होता, मी ऐकलं नाही.

तेव्हापासून मी ऑइलचं नाव सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो की बेअरिंगची फट किती, ऑइल किती तापतं, आणि इंधन कुठलं व मिक्श्चर कसं. फट मोठी असेल, रिच चालवायचं असेल तर ४० किंवा ५० ग्रेड घ्या. फट कंपनीच्या मापाची असेल आणि ऑइल शंभर-एकशेदहाच्या आसपास राहत असेल तर उगाच जाड ऑइल घालून पंपाला आणि कॅमला त्रास देऊ नका. आपल्याकडे 'जाड ते दणकट' अशी समजूत पक्की बसली आहे. तीही तितकीच घातक आहे. थंड जाड ऑइल वर हेडपर्यंत पोचेपर्यंत कॅम कोरडाच फिरतो. ऑइलच्या तापमानाचा गेज नसेल तर आधी तो बसवा. पाण्याच्या काट्यावरून ऑइलचा अंदाज बांधता येत नाही. ऐंशीच्या आत असताना इंजिन ताणू नका. १३० च्या वर जात असेल तर कूलरचा विचार करा, नुसता कॅन बदलून भागणार नाही.

कॅनवर काय वाचायचं? 'रेसिंग' हा शब्द वाचू नका, ते कुठलं प्रमाण नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा गरम इंजिनातला. त्याच्याही पुढं जाऊन कंपनीच्या डेटा शीटमध्ये एचटीएचएस हा आकडा शोधा. १५० अंशांना आणि बेअरिंगमध्ये होते तशा रगडाईखाली ऑइल किती घट्ट राहतं, ते हा आकडा सांगतो. ३० ग्रेडला तो किमान २.९ लागतो, १०डब्ल्यू-४० ला ३.५ आणि ५० ला ३.७. रेसच्या इंजिनासाठी मला हा आकडा बाकी सगळ्या जाहिरातीपेक्षा मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट झिंक-फॉस्फरसची. झेडडीडीपी नावाचं हे रसायन कॅम आणि टॅपेटच्या घासणीत स्वतः झिजून लोखंड वाचवतं. पण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून एपीआय एसएम या दर्जापासून ३० आणि त्याखालच्या ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. तुमच्या इंजिनात सपाट टॅपेट आणि कडक स्प्रिंगा असतील, तर रस्त्यावरच्या आधुनिक गाडीसाठी केलेलं पातळ ऑइल त्या कॅमला पुरणार नाही. त्यावर उपाय म्हणून दुकानातली छोटी बाटली वरून ओतू नका. ऑइलातली रसायनं एकमेकांशी मापात जुळवलेली असतात, तो तोल बिघडतो. जास्त झिंकचं तयार ऑइल मिळतं, तेच घ्या. मात्र ते घालून रोज ऑफिसला जाऊ नका. शुद्ध रेसच्या ऑइलात मळ धरून ठेवणारी द्रव्यं बहुधा कमी असतात, कारण ते लवकर काढून टाकायचं हे गृहीतच धरलेलं असतं.

बाइकवाल्या पोरांसाठी एवढंच, पण हे विसरू नका: तुमचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि गिअरही. कारचं ऊर्जा वाचवणारं ऑइल घातलंत तर त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच प्लेटला चिकटतात आणि उंच गिअरला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही. कॅनवर जासो एमए किंवा एमए२ बघा. एमबी ज्यांना ओला क्लच नाही अशा स्कूटरसाठी असतं. शिवाय गिअरचे दात ऑइलातल्या लांब रेणूंचे तुकडे पाडतात, म्हणून बाइकमधलं ऑइल कारपेक्षा लवकर पातळ होतं.

जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना एरंडेलाचा वास आठवत असेल. आमच्या लहानपणी डर्ट ट्रॅकवर तो धूर आला की अंगावर काटा यायचा. एरंडेल तापलेल्या धातूला विलक्षण चिकटून राहतं. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टरवरूनच, म्हणजे एरंडेलावरूनच आलं. पण ते मागे डिंकासारखा थर सोडतं आणि खनिज ऑइलात नीट मिसळत नाही. वापरायचं असेल तर टाकी, पाइप, कार्ब्युरेटर सगळं धुऊन घ्या आणि रिंगा अडकत नाहीत ना ते पुन्हापुन्हा उघडून बघा.

रेसवरून आलं की इंजिन गरम असतानाच ऑइल काढा. फिल्टर कापा, कागद उलगडून उन्हात धरा. चुंबकाला लागतं ते लोखंड. लागत नाही आणि पिवळसर चमकतं ते शेलचं तांबं असू शकतं. आम्ही दर वेळी पहिली धार सोडून मधल्या धारेतलं ऑइल स्वच्छ बाटलीत घेतो, वर तारीख आणि किती लॅप झाले ते लिहितो. शंका वाटली तर लॅबला पाठवतो. त्या तपासणीचा खर्च एका क्रँकपुढं काहीच नाही. नव्या इंजिनाला पहिला अर्धा तास साधं मिनरल ऑइल द्या, ते टाकून मग महागडं घाला.

त्या मुलांच्या गाडीत बाइकचं एक सिलेंडरचं इंजिन आहे. बाइक वळणावर कलते, म्हणून तिचं ऑइल चेंबरच्या तळाशीच राहतं. तेच इंजिन चार चाकांवर बसवलं की गाडी कलत नाही. ऑइल एका कडेला धावतं आणि पंप हवा ओढतो. जगातलं कुठलंही ऑइल यावर इलाज नाही. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात. त्यासाठी गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे त्यांना पाठवलं. बेअरिंगबद्दल विचारलं तर एक मुलगी वहीत बघून म्हणाली, "काका, याच्या बिग-एंडला रोलर आहे का शेल, ते आम्ही बघितलंच नाहीये." रोलरला थोड्या ऑइलवरही भागतं, शेलला अखंड प्रेशर लागतं. निवड तिथूनच सुरू होते. म्हटलं, बघू या.

ड्रेन नट सोडला. ऑइल तिच्या बोटावरून खाली वर्तमानपत्रावर ओघळलं आणि कडेनं फिकट ओला डाग पसरत गेला. तिनं बोट नाकाशी नेलं, माझ्याकडे बघितलं. "पेट्रोल." त्या संध्याकाळी आम्ही आधी लॅपटॉप जोडून मिक्श्चर लावायला बसलो. त्यांनी आणलेला कॅन सील न फोडता कपाटात ठेवला.