मुलांचे पुढचे दात किडले-तुटले, तर काय करावे?

दोन-अडीच वर्षांचे मूल हसते आणि वरचे चार दात काळे, झिजलेले दिसतात. लांज्याच्या आपल्या वाड्या-वस्त्यांत हे चित्र नवे नाही. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत,’ असे म्हणून आपण गप्प बसतो. पण वरचे पुढचे दुधाचे दात साधारण ६ ते ८ वर्षांच्या वयात पडतात. म्हणजे त्या मुलाला अजून चार-पाच वर्षे त्याच दातांवर काढायची आहेत. तेवढा काळ ठणका, जेवणाचे हाल आणि शाळेतली चिडवाचिडवी त्याने का सोसावी? शिवाय कीड मुळाशी जाऊन पू झाला, तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

हे नशिबाने होत नाही. त्याला कारण आहे, आणि कारण आहे म्हणून उपायही आहे. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपते. झोपेत लाळ कमी सुटते, साखर दातांवर राहते, तोंडातले जंतू तिचे आम्ल करतात आणि दात विरघळू लागतो. खालचे दात जिभेमुळे झाकलेले राहतात, म्हणून वरचे आधी किडतात. चहा-बिस्किटे दिवसभर थोडी थोडी दिली तरी हेच होते.

मुलाचा वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असते. या वेळी फ्लोराइडचा लेप आणि नीट ब्रश केल्याने कीड थांबू शकते.

खड्डा पडला असेल, तर दाताच्या रंगाचे सिमेंट भरतात. दात जास्त झिजला असेल, तर पारदर्शक साच्यात दाताच्या रंगाचा मसाला भरून दाताला पुन्हा आकार देतात. कीड नसेपर्यंत गेली असेल, तर आधी आतली नस साफ करावी लागते. मूल फार लहान असेल, तर चांदीयुक्त फ्लोराइडचे औषध लावून, दात न कोरता कीड रोखता येते. त्याने किडका भाग काळा पडतो, हे आधी समजून घ्यावे. फारच खराब झालेला दात मात्र काढावा लागतो.

खेळताना पडून पक्का दात तुटला, तर तुकडा शोधून दुधात किंवा पाण्यात ठेवा. अनेकदा तोच परत चिकटवता येतो. पक्का दात मुळासकट निघाला, तर त्याला वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मूळ घासू नका. माती लागली असेल तर नुसता धुऊन जागेवर बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमले नाही, तर दात दुधात ठेवून तासाभरात डॉक्टर गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

दाखवायचे कुठे? सुरुवात लांज्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून करा. गरज पडल्यास रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय आहे. मुंबईला जाणे-येणे असेल, तर तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा नायरच्या दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा विभाग आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासतात. त्यात दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकाने चिठ्ठी दिली तर ती कपाटात पडू देऊ नका.

घरी एवढे करूया : वर्षाच्या आसपास बाटली सोडवूया. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. मशेरी मुलांच्या हाती कधीच नको. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश आई-बाबांनी स्वतः करून द्यावा. रविवारी विहारात मुले जमतात, तेव्हा एकदा सगळ्यांचे ओठ उचलून पाहूया. त्याला पैसे लागत नाहीत.