पिकअप ओढत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

दिग्रसमध्ये सोयाबीन-कापसाचा हंगाम सुरू झाला की जुनी डिझेल पिकअप एक दिवसही उभी ठेवणं परवडत नाही. म्हणून आधी दुखणं ओळखा, मग खर्च करा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअप मॅन्युअल गिअरच्या. त्यात ‘स्लिप’ म्हटलं की पहिला संशय क्लचवर.

१. भरलेली गाडी चढावर टॉप गिअरमध्ये दाबा. इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, जळका वास येतो? क्लच घसरतोय. आवाजच चढत नाही? मग आधी डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बघा.

२. मोकळ्या सपाट जागेत, पुढे-मागे कोणी नसताना हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबा, टॉप गिअर टाकून क्लच हळूहळू पूर्ण सोडा. इंजिन चालूच राहिलं, तर क्लच पकडत नाही. ही चाचणी एकदाच करा. वारंवार केली तर प्लेट जळते.

३. क्लच पेडलला थोडा मोकळा प्ले आहे का? नसेल तर आधी तो सेट करून घ्या. कदाचित तेवढ्यावरच भागेल.

४. बेलहाउसिंगखाली तेल दिसतंय? ऑइल सील बदला. नाहीतर नवी प्लेटही तेलानं भिजून घसरेल.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. उतरवण्याची मजुरी दोनदा कशाला द्यायची? आणि ड्रायव्हरला सांगा, गिअर बदलला की पाय क्लचवरून काढ!