दार बंद होतं, म्हणून फाइल अडली

आमच्या मुलीला जर्मनीत एम.एस. करायचं होतं. इंजिनिअरिंगसाठी ती पुण्याला वसतिगृहात राहत होती, पण आधारवरचा पत्ता आमच्या तालुक्याच्या गावचाच. आई-वडिलांच्या पत्त्यावरून अर्ज करायला विद्यार्थ्यांना पूर्ण मुभा आहे, म्हणून आम्ही तसाच अर्ज केला. पासपोर्ट सेवा केंद्रातलं काम पाहून तर समाधान वाटलं. पडद्यावर टोकनचा नंबर झळकला, ए खिडकीवर फोटो आणि बोटांचे ठसे झाले, बी खिडकीवर मूळ कागद तपासले गेले, सी खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी एक-दोन प्रश्न विचारले आणि पोचपावती हातात आली. कुठे धक्काबुक्की नाही, कुठे आवाज चढवणं नाही.

अडलं ते त्यानंतर. फाइल पोलीस पडताळणीला गेली आणि बरेच दिवस काहीच कळेना. शेवटी मुलीने संकेतस्थळावर पाहिलं, तर अहवाल प्रतिकूल. कारण काय, ते तिथे लिहिलेलं नव्हतं. मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी जाडजूड नोंदवही उघडून ओळ दाखवली: ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.’ भर दुपारी कोणीतरी घरी येऊन गेलं होतं. मी शाळेत, हे ऑफिसात, दाराला कुलूप. गल्लीत चौकशी केली तेव्हा कोणी सांगितलं, मुलगी पुण्याला असते. सांगणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण तेवढ्या एका वाक्यावर आणि बंद दारावर अहवाल लिहून मोकळं होणं हे चूक होतं. अर्जात आमचे मोबाइल नंबर होते. एक फोन पुरला असता.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचं सगळं वेळापत्रक पासपोर्टपासून सुरू होतं, हे घरातल्या मोठ्यांना बऱ्याचदा माहीत नसतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. जर्मनीला जाणाऱ्यांना 2022च्या नोव्हेंबरपासून शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याच्या अर्जाला पासपोर्टची प्रत लागते. वर्षभराच्या खर्चाचे पैसे ज्या खात्यात अडकवून ठेवायचे, ते खातं पासपोर्टशिवाय उघडत नाही. व्हिसा तर त्याच्याही पुढे. म्हणून एकच सांगते, प्रवेशाचं पत्र आल्यावर पासपोर्टच्या मागे लागू नका. मूल बारावी झालं, की काढून ठेवा. अठरा वर्षं पूर्ण झाली असतील तर तो दहा वर्षं चालतो आणि 36 पानी पुस्तिकेची साधी फी 1500 रुपये आहे.

पत्ता टाकताना, तिथे दुपारी दार उघडायला कोण असेल, याचा आधी विचार करा. मूल शहरात शिकत असेल तर महाविद्यालयाच्या प्राचार्यांचा बोनाफाइड दाखला घेऊन शिक्षणाच्या गावच्या पत्त्यावरूनही अर्ज करता येतो. गावच्या पत्त्यावरूनच करायचा असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: मुलगी शिकायला बाहेर आहे, घर हेच, कोणी आलं तर आम्हाला फोन लावा. फाइल पोलिसांकडे गेल्याचा संदेश मोबाइलवर आला, की पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन पासपोर्टचं काम कोण पाहतं ते विचारून घ्या. मूळ कागद, त्यांच्या छायाप्रती, फोटो आणि आपल्याला ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं-पत्ते तयार ठेवा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, पडताळणीसाठी अर्जदाराला कोणतीही फी नसते. कोणी चहापाण्याचं सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. अहवाल वेळेत, म्हणजे 21 दिवसांत, गेला तर केंद्र सरकारकडून पोलिसांना प्रत्येक अर्जामागे 150 रुपये मिळतात आणि उशीर झाला तर 50. म्हणजे या कामाचे पैसे सरकारने आधीच मोजलेले आहेत.

आपल्याकडच्या बायकांच्या अर्जांत तर नावानेच घोळ होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गाळलेलं, बँकेत तेच नाव वेगळ्या स्पेलिंगने. आपली स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी पद्धत. पासपोर्टच्या अर्जात मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेलं सगळं दुसऱ्या रकान्यात. तेव्हा आधी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा, प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि जे चुकीचं असेल ते अर्जाच्या आधी दुरुस्त करून घ्या. माझ्या जावेला माहेरचंच नाव ठेवायचं होतं. तिला कोणीतरी सांगितलं होतं, की लग्नानंतर नाव बदलावंच लागतं. तसं काही नाही. नाव बदलायचं की नाही हे बाईने स्वतः ठरवायचं असतं. जे ठरेल ते सगळ्या कागदांवर एकसारखं हवं, इतकंच.

जन्मतारखेचंही तसंच. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी आता जन्मदाखलाच चालतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन वगैरे पर्याय आहेत. तेव्हा घरात लहान मूल असेल, तर जन्मदाखला नावासकट घेऊन ठेवा. नावाचा रकाना कोरा असलेले दाखले किती घरांत पडून असतात!

घाई झाली की लोक तत्काळकडे वळतात. जादा 2000 रुपये भरायची तयारी असते, पण तत्काळ म्हणजे काय ते नीट माहीत नसतं. एरवी पोलीस पडताळणी आधी होते, तत्काळमध्ये ती बहुधा पासपोर्ट हातात आल्यावर होते. पडताळणी टळत नाही आणि तत्काळमध्ये पासपोर्ट मिळेलच अशी हमीही नसते. कागद कच्चे असतील तर तत्काळची फाइलही तशीच अडते. कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर तो लपवू नका. माहिती दडवणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. अशा माणसालाही कोर्टाची परवानगी घेऊन ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो, 1993च्या अधिसूचनेत ती सोय आहे.

अर्ज भरायचा तो सरकारच्या संकेतस्थळावर, ज्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. हुबेहूब तसेच दिसणारे, जास्त पैसे उकळणारे खोटे पत्ते नेटवर बरेच आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयानेही त्याबद्दल वेळोवेळी सावध केलं आहे. इंग्रजीची भीती वाटत असेल तर शिकलेल्या भाचीला किंवा पुतण्याला शेजारी बसवा, पण खातं आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा. एजंटाच्या नंबरवर खातं काढलं तर सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि फाइल कुठे आहे हे आपल्यालाच कळत नाही.

आणि एवढं करूनही अडलंच, तर? आधी 1800-258-1800 या नंबरवर फाइल क्रमांक सांगून विचारा. नंतर प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात चौकशीची वेळ ऑनलाइन घ्या आणि जाताना तोंडी गाऱ्हाणं नेऊ नका, लेखी अर्ज न्या. आम्ही एका पानाचा अर्ज दिला: मुलगी शिकते कुठे, घर कोणाचं, कोणत्या कागदांवरून ते दिसतं आणि फेरपडताळणीची विनंती. सोबत बोनाफाइड आणि आमच्या घराचं वीजबिल. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. त्या शिक्क्यामुळेच पुढे बोलता आलं. तरीही हालचाल दिसेना, तेव्हा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आणि दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. त्यात ‘उशीर का झाला’ असं विचारलं नाही. फाइल पोलिसांकडे कोणत्या तारखेला गेली, अहवाल कधी आला, त्यात नेमके कोणते शब्द आहेत, आज ती कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे आहे, एवढंच विचारलं. तारखा मागितल्या की उत्तरही तारखांचंच द्यावं लागतं. फेरपडताळणी झाली. यावेळी हवालदारांनी आधी फोन केला, मी घरी थांबले, आणि काम अर्ध्या तासात आटोपलं. पण तोवर हिवाळी सत्राच्या प्रवेशाची मुदत निघून गेली होती. मुलीचं एक वर्ष गेलं.

म्हणून माझं मागणं पासपोर्ट खात्याकडे आणि पोलिसांकडे दोघांकडेही आहे. 1977 साली मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त झाला. त्या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाचा परदेशी जाण्याचा हक्क त्याचं म्हणणं ऐकून न घेता काढून घेता येत नाही. पासपोर्ट नाकारला तर लेखी कारण देण्याची आणि त्यावर अपील करण्याची तरतूद 1967च्या कायद्यातच आहे. पण आमच्यासारख्यांना कोणी नाकारत नाही, नुसतं ताटकळत ठेवतात, आणि ताटकळलेल्या माणसाला अपील करायला हातात काहीच नसतं.

2017पासून टपाल कार्यालयांत केंद्रं उघडून सरकारने पासपोर्ट गावाजवळ आणला, त्याचं मोल मला ठाऊक आहे. पोलिसांच्या हातात पडताळणीचं मोबाइल ॲपही दिलं आहे. त्याच ॲपमध्ये एवढं करता येईल: अर्जदाराला केलेल्या फोनची नोंद झाल्याशिवाय ‘राहत नाही’ हा शेरा पुढे जाऊ नये. प्रतिकूल अहवाल गेला, की त्याच दिवशी अर्जदाराला मराठीत संदेश जावा, कारणासकट आणि उत्तर देण्याच्या मुदतीसकट. आणि दार बंद सापडलं, तर चिठ्ठी अडकवून दुसऱ्यांदा यावं. संध्याकाळी यावं, माणसं घरी असतात तेव्हा.