इलिऑस्टॉमीनंतर पाणी, मीठ आणि मूत्रपिंडे

विषमज्वराने आतड्यास छिद्र पडणे, आतड्याचा क्षयरोग, गुदाशयाचा कर्करोग अशा आजारांत काही वेळा लहान आतड्याचे टोक पोटावर काढून तेथे पिशवी बसवावी लागते. हीच इलिऑस्टॉमी. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील रुग्ण अशी शस्त्रक्रिया पुण्यास करून घरी परततात, तेव्हा जखम भरत आलेली असते व संकट टळले असे कुटुंबास वाटते. परंतु पुढील काही आठवडेच अधिक जपण्याचे असतात.

लहान आतड्यातून दररोज सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात उतरतो. त्यातील बहुतेक पाणी व मीठ मोठे आतडे शरीरास परत मिळवून देते. इलिऑस्टॉमीनंतर ही परतफेड थांबते. पिशवीतून जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम मीठ शरीराबाहेर पडते. ही तूट भरून न निघाल्यास मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी होतो व क्रिएटिनिन वाढते. वेळीच उपचार झाल्यास मूत्रपिंडे बहुधा सावरतात. वारंवार असे घडल्यास ती कायमची दुर्बल होऊ शकतात.

घरी दोन चुका संभवतात. पिशवी लवकर भरते म्हणून काहीजण पाणी पिणेच कमी करतात. काहीजण तहान भागविण्यासाठी साधे पाणी व चहा भरपूर घेतात. पिशवीतून जास्त द्रव जात असता मिठाविना प्यालेले पाणी आतड्यातील मीठ ओढून घेते व पिशवीतच उतरते; तहान मात्र तशीच राहते. एप्रिल-मेच्या उन्हात, कांदा काढणीच्या दिवसांत, हा धोका वाढतो.

मीठ आणि ग्लुकोज एकत्र दिल्यास आतडे त्यांच्यासह पाणीही शोषून घेते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरील द्रावण पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. तीच आपली जलसंजीवनी. इलिऑस्टॉमीच्या रुग्णांसाठी मिठाचे प्रमाण अधिक असलेले द्रावणही वापरले जाते : १ लिटर पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम व खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, दिवसभर थोडे थोडे घ्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असल्यास प्रमाण आधी विचारून घ्यावे. अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत.

पिशवीतील द्रव व लघवी रोज मोजून वहीत लिहावी. दिवसभरात पिशवीतून दीड लिटरहून अधिक द्रव जाणे, लघवी कमी व गडद होणे, उठताना भोवळ येणे, पायांत गोळे येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. भीमाशंकर वा नाणेघाटाकडील वाड्यांतून रात्री वाहन मिळणे कठीण. म्हणून दिवसाउजेडीच निघावे.

एक मोजपात्र, एक वही आणि जलसंजीवनीची पाकिटे यांस खर्च अल्प येतो. मूत्रपिंडे निकामी झाल्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी जावे लागते व सारे कुटुंब त्यात भरडले जाते. देणगीदारांनी या लहान खर्चास हातभार लावावा आणि रुग्णांच्या आप्तांनी वहीत खंड पडू देऊ नये, अशी आमची नम्र विनंती आहे.