विहिरीच्या कामावरील कॉम्प्रेसर : सुरक्षित व किफायतशीर वापर

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. अशा खडकात विहीर खोल न्यावयाची तर पहार व घण अपुरे पडतात. सुरुंगाची भोके घेण्यासाठी ट्रॅक्टरवर किंवा चाकांच्या गाड्यावर बसविलेला कॉम्प्रेसर बोलवावा लागतो. यंत्र काठावर चालते आणि मजूर तळाशी काम करतात. वर झालेल्या हयगयीची किंमत खाली असणाऱ्यांना मोजावी लागते. म्हणून चालकाप्रमाणेच विहीरमालक व पंचायत सदस्य यांनाही या यंत्राची माहिती असणे अगत्याचे आहे.

कॉम्प्रेसर हवा शोषून घेतो, ती दाबतो व टाकीत साठवितो. तेथून रबरी नळीवाटे ती जॅकहॅमरला मिळते. हा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम असतो. टाकीवरील सुरक्षा झडप दाब मर्यादेबाहेर जाताच हवा सोडून देते. ती तारेने बांधणे किंवा दाब वाढविण्यासाठी आवळणे म्हणजे टाकी फुटण्यास निमंत्रण देणेच होय. हवेतील बाष्पाचे पाणी टाकीच्या तळाशी साचून पत्रा आतून गंजतो. ते पाणी दररोज काढून टाकावे.

यंत्र काठापासून दूर, सपाट व टणक जागी उभे करून चाकांना उटी लावावी. इंजिनाचा धूर विहिरीत उतरणार नाही, अशी वाऱ्याची दिशा पाहावी. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, पण तो प्राणघातक आहे. नळीच्या प्रत्येक सांध्यास साखळी बांधावी, कारण सुटलेली नळी चाबकाप्रमाणे फटके मारते. नळी सोडविण्यापूर्वी यंत्राकडील झडप बंद करून आतील हवा पूर्ण जाऊ द्यावी. अंगावरील धूळ झटकण्यासाठी दाबाची हवा कधीही वापरू नये. डोळा व कान यांना त्यामुळे गंभीर इजा होते.

किफायतीचा विचारही याच दक्षतेशी जोडलेला आहे. गळका सांधा, अकारण लांब नळी किंवा धुळीने भरलेली हवागाळणी यांमुळे जॅकहॅमरपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. भोक पडण्यास वेळ लागतो आणि डिझेल मात्र जळत राहते. तेलाची पातळी काम सुरू करण्यापूर्वी पाहावी व यंत्र भार न देता सुरू करावे.

भोक घेताना पाणी सोडल्यास दगडाची धूळ बसते व फुप्फुसांचे रक्षण होते. जुन्या सुरुंगाच्या भोकात पुन्हा भोक घेऊ नये. तेथे न उडालेली दारू शिल्लक असू शकते. स्फोटके हाताळण्याचे काम परवानाधारक जाणकारांकडेच सोपवावे.

काम सुरू होण्यापूर्वी सुरक्षा झडप, दाबमापक, नळीचे सांधे व यंत्राची जागा या चार गोष्टी पंचायत सदस्यांनी स्वतः पाहाव्यात. त्यांस लागणारा वेळ अल्प आहे, आणि तळाशी उतरणाऱ्या मजुराची सुरक्षितता त्यांवर अवलंबून आहे.