आधी वाळेल का ते पाहावे : महाड-पोलादपूरच्या घरासाठी शिवणकामाचा एक संवाद

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत वर्षाला साधारणपणे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडत असल्यामुळे, घरातील कापड किती टिकेल हे त्याच्या किमतीपेक्षा ते किती लवकर वाळते यावर अधिक अवलंबून असते. म्हणून कमी खर्चात घरासाठी आणि भेटीदाखल वस्तू शिवायला शिकताना येथे पहिला विचार शोभेचा नसून धुण्या-वाळवण्याचा करावा लागतो. महाडच्या बाजारपेठेत अनेक वर्षे शिवणकाम केलेली मावशी आणि पोलादपूरहून शिकण्यासाठी आलेली तिची भाची यांच्यातील पुढील संवाद याच विचारासाठी कल्पिला असून, भाचीच्या तोंडच्या शंका या विषयावर लिहिणाऱ्या कोणालाही पडाव्यात अशाच आहेत.

भाची : मावशी, सुरुवात कशापासून करावी? आधी शिवणयंत्र घ्यावे की कापड?

मावशी : दोन्ही नंतर. आधी घरातले कपाट उघडावे. हळदीकुंकवाला आणि ओटीत आलेले ब्लाऊजपीस, विटलेल्या सुती साड्या, वडिलांचे कॉलर फाटलेले पण पाठ धड असलेले सदरे आणि देण्याघेण्याच्या साड्या, एवढे कापड बहुतेक घरांत पडून असते. या देण्याघेण्याच्या साड्यांचे तर वाईट वाटते. लग्नामुंजीत मानपानासाठी त्या गठ्ठ्याने आणल्या जातात, घेणारी ती साडी नेसत नाही, ती नेसणार नाही हे देणारीलाही ठाऊक असते, आणि पिशवीतून बाहेरही न निघता तीच साडी पुढच्या लग्नात तिसऱ्या घरी जाते. त्याच पैशांत कोणा एकीला चांगली सुती साडी देता आली असती, किंवा चार घरांत वापरल्या जातील अशा वस्तू शिवून देता आल्या असत्या, पण मानपानाच्या यादीपुढे हे बोलायचे कोणी?

भाची : पण कपाटातले जुने कापड कापून त्याची वस्तू भेट म्हणून दिली, तर घेणाऱ्याला ती उतरवलेली वाटणार नाही का?

मावशी : त्याचे उत्तर कापड ओळखायला शिकल्यावर सापडेल, म्हणून आधी ते शिकावे. कापडाच्या कडेचे दोन धागे ओढून काढावेत, चिमट्यात धरून पेटवावेत आणि काय होते ते पाहावे. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राखाडी, बोटांत चुरगळणारी राख होते, तर पॉलिस्टरचा धागा वितळत आखडतो आणि टोकाला कडक मणी राहतो. दोन्ही मिसळलेले असतील, तर राखेत कडक कण लागतात. दुकानात सुती म्हणून विकले जाणारे कितीतरी कापड या कसोटीत उतरत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली माणसे मोठ्या संख्येने होती, तेव्हा गिरणीचे सुती कापड कसे असते हे येथल्या घरांना वेगळे सांगावे लागत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, माणसांचे काम गेले आणि त्यांच्याबरोबर बोटाने कापड पारखणारी नजरही घरांतून गेली. त्याची भरपाई कोणी केली नाही, आणि आज मुलींना शिवण शिकवणाऱ्या वर्गांतही पहिल्या दिवशी कापड हाताळायला न देता कागदावरच्या आकृत्या काढायला बसवतात, हे योग्य नव्हे.

येथे हे सांगितले पाहिजे, की मावशीचा पॉलिस्टरवरील राग सरसकट नाही, कारण पॉलिस्टर पाणी धरत नाही, लवकर वाळते आणि सहसा विटत नाही, त्यामुळे खिडकीचा पडदा, बाजाराची पिशवी किंवा शिवणयंत्रावर घालायचे आच्छादन यांसाठी ते उपयोगीच आहे. जे कापड अंगाला लागायचे किंवा ज्याने घाम, दूध, पाणी टिपायचे, तेथे मात्र ते चालत नाही. देण्याघेण्याच्या साड्या बहुधा पॉलिस्टरच्या असतात. अशी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असते, आणि सव्वा मीटर रुंदीच्या खिडकीला चुणीसह दोन पाट पुरत असल्याने एका साडीत एका खिडकीचे पडदे होऊन वर दोन पिशव्यांचे कापड उरते.

भाची : आणि नवीन कापड घ्यायचे झाले तर?

मावशी : तर ते कापण्याआधी भिजवावे. ज्या मुलीला हे पटत नाही तिला कात्री देऊ नये. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच इतके आटते. न भिजवता शिवलेला अभ्रा पहिल्या धुण्यानंतर उशीवर चढत नाही, आणि मग दोष शिवणाऱ्या हाताला लागतो. चौकोनी उशीचा ४० सेंटिमीटरचा अभ्रा घेऊ. बटण नको, चेन नको. मागच्या बाजूला दोन पदर एकमेकांवर यावेत आणि उशी त्यांच्यामधून आत सरकावी. त्यासाठी पट्टीची रुंदी ४२ लागते, कारण दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जास्तीची जागा, हवी. लांबी अशी मोजावी : पुढचा भाग ४०, मागचा ४०, पदरावर पदर येण्यासाठी १२ आणि दोन्ही टोके दुमडण्यासाठी तीन-तीन, म्हणजे एकूण ९८. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ११० सेंटिमीटर असेल तर आटून तो १०६ च्या आसपास येईल असे धरावे. त्यात ४२ च्या दोन पट्ट्या बसतात आणि २२ सेंटिमीटरची पट्टी उरते, जिच्यात पिशव्यांचे बंद निघतात. म्हणून दोन अभ्र्यांसाठी एक मीटर पाच सेंटिमीटर कापड मागावे. दुकानदार सव्वा मीटर घ्या म्हणेल, तरी मागू तेवढेच घ्यावे. खर्च कमी होतो तो अशा मोजण्यात. स्वस्त कापड शोधत फिरण्यात होत नाही.

भाची : हे कळले. पण चेन नाही, बटण नाही, तर अभ्रा अर्धवट शिवलेला दिसणार नाही का?

मावशी : दिसू दे. पावसाळ्यात चेनीची धातूची सरक गंजते आणि गंजाचा डाग सुती कापडातून जात नाही. पदराचा अभ्रा काढायला आणि धुवायला सोपा, आणि त्याचे सगळे कापड उलगडता येत असल्यामुळे तो लवकर वाळतो. येथे वस्तू शिवायची ती पुन्हा उघडता येईल अशी. गादीलाही खोळ अशीच घालावी. दिनांक २२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीच्या पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. ज्या गादीच्या कापसात गाळ बसला, ती धुऊन वापरात येत नाही, पण साड्यांच्या पदरांची गोधडी धुता येते, आणि उसवली तर तिचा प्रत्येक पदर वेगळा वाळवता येतो. हे ज्यांनी पाहिले, त्यांना गोधडीचे महत्त्व वेगळे समजावावे लागत नाही.

गोधडीचा उल्लेख आल्यावर मावशी तपशिलात शिरते, आणि ते योग्यच आहे, कारण कमी खर्चाच्या शिवणकामातील सर्वांत मोठा वारसा गोधडीचाच आहे. बंगालमधील कांथा, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी आणि महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ या तिन्हींचे तत्त्व एकच असून, वापरून मऊ झालेल्या कापडाचे थर एकमेकांवर ठेवून ते धावदोऱ्याने, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या साध्या टाक्यांच्या रांगांनी, जखडले जातात. थरांमध्ये कापूस भरलेला नसल्यामुळे अशी गोधडी ओली झाली तरी आत गोळे होत नाहीत.

मावशी : साडेपाच मीटरच्या एका सुती साडीचे १ मीटर १० सेंटिमीटरचे पाच चौकोन होतात. एक खाली, एक वर आणि तीन मध्ये ठेवले, की लहान मुलाची गोधडी झाली, आणि कापडाचा खर्च काहीच नाही. वरच्या थरावर ब्लाऊजपिसांचे तुकडे लावावेत, पण त्याआधी पाचही थर जमिनीवर पसरून, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून, आडवे-उभे कच्चे टाके घालावेत. हे कच्चे टाके काम झाल्यावर उसवायचे असतात म्हणून मुली ते टाळतात. मग कडेने आत शिवत आल्यावर मधोमध फुगा येतो आणि तो कशानेच बसत नाही. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा घेतला की गाठी पडतात आणि वेळ वाचण्याऐवजी जातो. दाभण पोत्यांसाठी असतो, त्याने कापडाला भोके पडतात. गोधडीला लांब, बारीक सुई आणि मधल्या बोटात अंगुस्ताना पुरतो. रांगा दीड-दोन सेंटिमीटर अंतराने कडेशी समांतर घालत मध्यापर्यंत जावे.

भाची : आणि हे कापड जुने आहे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न आला. बारशाला जाताना जुन्या साडीची गोधडी न्यायची?

मावशी : बाळाला पहिल्यांदा कशात गुंडाळतात? आजीच्या मऊ साडीच्या दुपट्यात. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला टोचते, म्हणून नवीन झबले आधी धुऊन घेतात आणि पहिले दिवस जुनेच वापरतात. म्हणजे बाळासाठी जुने कापड ही कमी प्रतीची गोष्ट कधीच नव्हती.

भाची : ते आजीच्या साडीचे झाले. परक्या घरच्या साडीचे कोण घेईल? आणि ओटीत आलेला खण कापून दुसरीला देणे म्हणजे देणारीचा मान मोडणे नाही का?

मावशी : खण तसाच पुढच्या ओटीत घातला तर मान राहतो आणि शिवून दिला तर मोडतो, असे कसे? देवीच्या ओटीतला खण कापायला मन घेत नसेल, तर तो वेगळा ठेवावा, त्यावर वाद नको. बाकीचे शिवावेत. मात्र एक गोष्ट पाळावी : जुने कापड कोणाचे आहे हे सांगून द्यावे. स्वच्छ धुतलेली, उन्हात वाळवलेली, विरलेला भाग टाळून शिवलेली गोधडी ‘ही अमक्या आजीच्या साडीची आहे’ असे सांगून दिली, तर ती उतरवलेली राहत नाही. लपवून दिली तर राहते. ज्या घरी हे सांगण्याइतकी जवळीक नाही, त्या घरी नवे कापड धुऊन त्याची पिशवी किंवा अभ्रा द्यावा.

भाचीला हे उत्तर पूर्ण पटलेले नाही, आणि तसे न पटणे स्वाभाविक आहे. नव्याचा मान कोणत्या घरी किती पाळायचा, हे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या माणसांकडे पाहून ठरवायचे असते आणि शिवणाच्या नियमांत त्याचे उत्तर नाही.

भाची : शिवणयंत्राचे मात्र राहिले.

मावशी : हाताने दोन पिशव्या आणि एक दुपटे शिवून झाल्यावर घ्यावे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण ते घरातल्या बाईचा कंटाळवाणा श्रम वाचवते. येथे पायाने चालणारे, वापरलेले यंत्र चांगले. पावसात वीज गेली तरी काम अडत नाही. घेताना कापडाच्या दुहेरी तुकड्यावर टीप घालून दोन्ही बाजू पाहाव्यात. खालच्या बाजूला दोऱ्याचे वेटोळे दिसले, तर बहुधा वरचा ताण सैल असतो किंवा दोरा नीट ओवलेला नसतो, ते सुधारता येते. पण चाक फिरवताना अडकत असेल तर यंत्र घेऊ नये. पातळ कापडाला ११ क्रमांकाची सुई, साध्या सुतीला १४, जाड थरांना १६. पावसाळ्यात तेलाचा थेंब घातल्यावर आधी चिंधीवर टीप घालावी, नाहीतर तेलाचा डाग नव्या कापडावर जातो. आणि कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते. हे घरातल्या पुरुषांनाही सांगून ठेवावे.

भाची : सरकारी मदत मिळते का?

मावशी : पोट भरण्यासाठी शिवायचे असेल तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे. ते व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. घरापुरते शिवणाऱ्याने त्या रांगेत उभे राहून खऱ्या शिंप्याची जागा अडवू नये.

घरापुरते शिकू इच्छिणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा, की पहिली वस्तू पिशवी असावी, कारण तीत सरळ शिवणीच येतात आणि चूक झाली तरी पिशवी वापरात राहते. नंतर दुपटे, मग अभ्रा आणि पडदा, आणि गोधडी सर्वांत शेवटी. कापड भिजवून वाळवण्याचे आणि गोधडीचे थर जमिनीवर पसरण्याचे काम मे महिन्याच्या मध्यापूर्वी उरकावे, कारण जूनमध्ये पाऊस लागल्यावर महाड-पोलादपूरमध्ये पाच पदरांची गोधडी वाळायला लागेल इतके सलग ऊन पुढचे तीन-चार महिने मिळत नाही.